ड्रायवॉल चढायच्या आधी सीलिंग लाइटची वायरिंग, जर्सीतल्या बेसमेंटवाल्यांसाठी

काळी वायर म्हणजे न्यूट्रल हे डोक्यातून आधी काढून टाका. आपल्याकडे लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग हे लहानपणापासून वायरमनच्या मागे उभं राहून बघितलेलं असतं, आणि इकडे अमेरिकेत काळीच जिवंत, पांढरी न्यूट्रल, आणि अर्थिंग म्हणजे उघडी तांब्याची तार. मी बेसमेंट करायला घेतलं तेव्हा पहिल्याच संध्याकाळी एका जुन्या बॉक्समध्ये "काळीच आहे की" म्हणून हात पुढे गेला होता, दुसऱ्या हातातला टेस्टर किंचाळला म्हणून वाचलो. १२० व्होल्ट म्हणजे काय मोठं असं वाटतं आपल्याला, २३० वर वाढलेली माणसं आपण, पण ओल्या बेसमेंटमध्ये लोखंडी खांबाला टेकून उभं असताना १२० पण पुरतात.

अजून दोन गोंधळ इथेच मिटवतो. जिन्याला खाली-वर दोन्हीकडून लाइट लावायचा जो स्विच असतो त्याला आपण टू-वे म्हणतो, इकडे त्याच स्विचला थ्री-वे म्हणतात, दुकानात जाऊन टू-वे मागितलात तर तो माणूस तुमच्याकडे बघत राहील. आणि साधा स्विच इकडे वर केला की चालू, खाली केला की बंद, आपल्या बरोबर उलटं. यात जीव जात नाही, पण वर्षभर आई चुकीच्या बाजूला दाबत राहते.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे स्लॅब पडायच्या आधी पाइप टाकलेला असतो, भिंतीला झिरी मारून पाइप पुरलेला असतो, त्यामुळे वायर जळली, कमी पडली, अजून एक पॉइंट हवा झाला तर वायरमन त्याच पाइपातून नवीन वायर ओढून देतो. इकडच्या लाकडी घरात पाइप नसतोच. रोमेक्स नावाची चपटी केबल असते, ती लाकडाला स्टेपलने ठोकलेली असते, आणि वर ड्रायवॉल (म्हणजे जिप्समचा बोर्ड) चढला की विषय संपला, ती केबल ओढून निघत नाही. मग एक लाइट फूटभर सरकवायचा म्हटलं तरी सीलिंग फोडा, पट्टी लावा, चिखल फासा (ड्रायवॉलच्या मसाल्याला इकडे मड म्हणतात, चिखलच तो), घासा, रंग मारा. म्हणून रफ-इन म्हणजे लाइट आणि स्विच न लावता फक्त बॉक्स ठोकून केबल फिरवून ठेवणं, हे काम हाताने जेवढं आहे त्याच्या दुप्पट विचाराने आहे. शिकागोकडच्या मंडळींनी मात्र पुढचं केबलचं सगळं सोडून द्या, शिकागोत आणि आसपासच्या बऱ्याच गावांत घराला पण लोखंडी पाइपच लागतो, रोमेक्स चालत नाही.

परमिट काढा. न्यू जर्सीत स्वतःच्या मालकीच्या आणि स्वतः राहत असलेल्या सिंगल फॅमिली घरात मालकाला इलेक्ट्रिकचं काम स्वतः करता येतं, टाउनशिपच्या ऑफिसातून एफ-१२० नावाचा इलेक्ट्रिकल फॉर्म भरायचा, किती लाइट किती स्विच ते लिहायचं, साधं चित्र जोडायचं. काँडो, भाड्याने दिलेलं घर याला ही सवलत आहे असं धरून चालू नका, विचारून घ्या, आणि दुसऱ्या राज्यात नियम वेगळे. "कोण बघतंय" म्हणणारे मित्र भरपूर भेटतील, मलाही भेटले, घर विकताना खरेदीदाराचा माणूस येऊन फिनिश्ड बेसमेंटचं परमिट मागतो तेव्हा हे मित्र फोन उचलत नाहीत.

आता लाइट कुठे. सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्यातली नव्वद टक्के म्हणजे जास्त लाइट लावणं. आठ फुटाचं सीलिंग असलेल्या खोलीत भिंतीपासून दोन-अडीच फूट सोडून, दोन लाइटमध्ये पाच फूट ठेवले तरी सहा इंची एलईडीने भरपूर उजेड पडतो. एका मित्राच्या बेसमेंटमध्ये दर तीन फुटाला एक लाइट आहे, तिथे जेवायला बसलं की लग्नाच्या हॉलमध्ये आपला फोटो काढतायत असं वाटतं. मी काय केलं, निळ्या पेंटरच्या टेपने फरशीवर फुल्या मारल्या, सोफा इथे, टीव्ही तिथे, कॅरमचं टेबल इथे असं खरंच मांडून बघितलं, बायकोने त्यातल्या पाच फुल्या हलवल्या आणि त्यातल्या चार बरोबर होत्या, मग लेझरने प्रत्येक फुली वर सीलिंगच्या लाकडांवर नेली.

वर नेल्यावर खरी गंमत. सीलिंगची आडवी लाकडं, जॉइस्ट, बहुतेक घरांत दर सोळा इंचाला असतात, आणि तुमच्या अर्ध्याहून जास्त फुल्या बरोबर जॉइस्टच्या पोटाखाली येणार, उरलेल्यातली एक डक्टच्या खाली आणि एक संडासाच्या पाइपाच्या. तेव्हा एकच लाइट चार इंच सरकवायचा मोह आवरा. रांगेतला एक लाइट सरकला तर तो जन्मभर डोळ्यात खुपतो, पूर्ण रांग चार इंच सरकली तर कोणाला कळत पण नाही.

लाइट कुठल्या प्रकारचा घेणार हे आत्ताच ठरवायला लागतं कारण रफ-इन त्यावर अवलंबून. तीन जाती धरा. पहिली, जुना कॅन, म्हणजे पत्र्याचा डबा, त्याला दोन्ही बाजूला सरकत्या पट्ट्या असतात त्या दोन जॉइस्टना खिळ्याने ठोकायच्या, डब्याला स्वतःचा जंक्शन बॉक्स चिकटलेलाच असतो. वर इन्सुलेशन टेकणार असेल तर आय-सी लिहिलेलाच कॅन घ्या, नाहीतर तो तापतो आणि कापसाच्या गादीत दिवा ठेवल्यासारखं होतं. दुसरी, हल्लीचे वेफर लाइट, अर्धा-पाऊण इंच जाडीची चकती आणि तिच्यासोबत वायरीने लोंबणारा छोटा बॉक्स, त्यातच ड्रायव्हर. याला रफ-इनला बॉक्स लागत नाही, फक्त त्या जागी केबलचा एक मोठा वेटोळा सोडून द्यायचा, ड्रायवॉल लागल्यावर सहा इंची लाइटला साधारण सव्वासहा इंचाचं भोक पाडायचं (खोक्यात कागदी साचा येतो, त्याचाच आकडा धरा), केबल खाली ओढायची, बॉक्समध्ये जोडायची, वर ढकलायचं, खटक खटक दोन स्प्रिंग, झालं. मी बेसमेंटला हेच लावले आणि पुन्हा करायची वेळ आली तर हेच लावेन, फक्त जॉइस्टपासून दोन बोटं जागा सोडा नाहीतर स्प्रिंग उघडत नाही. तिसरी जात म्हणजे लोंबणारा दिवा, घुमट किंवा पंखा, ज्याला सीलिंगमध्ये खराखुरा गोल बॉक्स लागतो.

पंख्यावर जरा थांबतो. इकडचे लोक म्हणतील बेसमेंटला पंखा कशाला, पण आई-बाबा उन्हाळ्यात सहा महिने येतात आणि बाबांना पंख्याच्या घरघरीशिवाय झोप लागत नाही, एसी बावीसवर असला तरी. आपल्याकडे स्लॅबमध्ये सळीचा हूक असतो, पंखा त्याला टांगला की गणपतीच्या विसर्जनापर्यंत बघायला नको. इथे हूक नाही, पूर्ण वजन आणि पूर्ण थरथर तो बॉक्सच झेलतो, त्यामुळे बॉक्सवर पंख्यासाठी चालतो असं छापलेलं पाहिजे. साधा लाइटचा सीलिंग बॉक्स ५० पौंडापर्यंतचा दिवा धरतो पण पंखा म्हणजे नुसतं वजन नसतं, हलणारं वजन असतं. पंखा ३५ पौंडांच्या वर असेल तर बॉक्सवर किती पौंड झेलेल तो आकडा पण लिहिलेला असायला लागतो, आणि ७० च्या वर गेलात तर बॉक्सवर टांगूच नका. दोन जॉइस्टच्या मध्ये दोन-बाय-सहाचा तुकडा आडवा स्क्रूने घट्ट बसवून त्याला बॉक्स लावा, किंवा तयार आडवी सळी मिळते ती फिरवून दोन्ही लाकडांत रुतवा. पात्याखाली जमिनीपासून सात फूट उरले पाहिजेत, आठ फुटी सीलिंगला म्हणून चिकटा पंखा घ्यायचा. आणि आज पंखा घेणार नसलात तरी झोपायच्या खोलीत पंख्याचा बॉक्स आणि (अर्थिंग सोडून) तीन तारांची केबल टाकून ठेवा, थोडेच डॉलर जास्त जातात, पुढे पंख्याचा स्विच वेगळा आणि दिव्याचा वेगळा करता येतो.

बॉक्स ठोकताना सगळ्यात महत्त्वाचं, तो लाकडाच्या पोटाशी सपाट ठोकायचा नाही. बोर्डाची जाडी खाली येणार आहे ना. बोर्ड अर्ध्या इंचाचा असेल तर बॉक्सची कड जॉइस्टच्या खाली अर्धा इंच लोंबली पाहिजे, ५/८ चा असेल तर तेवढी. मी ड्रायवॉलचा हातभर तुकडा आणून खिशात ठेवला होता, प्रत्येक बॉक्सशेजारी तो लाकडाला दाबून धरायचा आणि बॉक्सच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, अंगठा अडखळला नाही की खिळा मारायचा. टेपने मोजत बसण्यापेक्षा हे फार बरं. बॉक्स पाव इंचापर्यंत आत राहिला तर नियमात बसतं, बाहेर आला तर मात्र दिव्याची झाकणी सीलिंगला टेकत नाही आणि फट दिसत राहते. सीलिंगला आधी आडव्या पट्ट्या मारून मग बोर्ड लावणार असाल तर पट्टीची जाडी धरायला विसरू नका, हे मी एकाला विसरताना बघितलंय.

स्विचचे बॉक्स घरातल्या बाकीच्या स्विचच्या उंचीला, बहुतेक घरांत मध्यापर्यंत ४८ इंच. दाराच्या कडी बाजूला, बिजागरीच्या बाजूला नाही, दार कुठल्या बाजूला उघडणार हे सुताराला विचारून. हसू नका.

केबलचं आता. १५ अँपिअरच्या ब्रेकरला १४ नंबरची केबल, तिचं आवरण पांढरं, २० अँपिअरला १२ नंबर, ती पिवळी. नंबर जितका लहान तितकी तार जाड, हे पण उलटंच. आपल्याकडे लाइटला दीड एमएम (म्हणजे चौरस एमएम) टाकतात, इकडची १४ नंबर साधारण दोन एमएमच्या वर भरते, व्होल्टेज निम्मं म्हणून तेवढ्याच वॉटला करंट दुप्पट लागतो. २० च्या ब्रेकरवर १४ नंबर कधीही, एक फुटाचा तुकडासुद्धा, जोडायचा नाही, कारण तार तापेल आणि ब्रेकर शांत बसून राहील. लोडची काळजी मात्र करू नका, १२ वॉटचे चौदा वेफर म्हणजे १६८ वॉट, १५ च्या सर्किटवर १८०० बसतात. तरी मी बेसमेंटचे लाइट दोन सर्किटवर वाटले, एक ब्रेकर उडाला तर खिडकी नसलेल्या त्या भुयारात चाचपडत पॅनल (ब्रेकरची मुख्य पेटी) शोधायला नको म्हणून.

केबलचा रस्ता असा ठेवा: पॅनलमधून आधी स्विचच्या बॉक्समध्ये, तिथून पहिल्या लाइटला, पहिल्यावरून दुसऱ्याला, अशी आगगाडी. जुनी पद्धत होती पॉवर आधी लाइटला न्यायची आणि तिथून फक्त दोन तारा स्विचला खाली आणायच्या, त्यात स्विचच्या बॉक्सात न्यूट्रल येत नाही, आणि २०११ च्या राष्ट्रीय इलेक्ट्रिकल कोडपासून बहुतेक ठिकाणी स्विचच्या बॉक्सात न्यूट्रल असावीच लागते. स्मार्ट स्विच लावायचे असतील तर तिच्याशिवाय अडतंच.

भोकं पाडणे हा दोन दिवसांचा व्यायाम आहे. पाऊण इंचाचा बिट, काटकोनी ड्रिल भाड्याने मिळतं ते घ्या, डोळ्याला गॉगल आणि डोक्याला टोपी, कारण भुसा सरळ तोंडावर पडतो. जॉइस्टमध्ये भोक मधोमध, वरच्या आणि खालच्या कडेपासून दोन दोन इंच सोडून, आणि भोकाचा व्यास लाकडाच्या उंचीच्या एक तृतीयांशाच्या वर नको, पाऊण इंचाला ते टेन्शन नाही. जॉइस्टच्या खालच्या कडेला खाच पाडून केबल त्यात दाबायची हे करू नका, ती कडच तर वरच्या स्वयंपाकघराचं ओझं घेऊन उभी आहे. घर नवीन असेल आणि जॉइस्ट इंग्रजी आय अक्षराच्या आकाराचे असतील तर वरच्या-खालच्या जाड पट्ट्यांना हात लावायचा नाही, मधल्या पातळ फळीत कुठे भोक चालतं त्याचा तक्ता कंपनी देते, काहींत तयार गोल खुणा असतात त्या ठोकून पाडायच्या. सगळी भोकं एका रेषेत ठेवा, एक डोळा मिटून बघितलं की आरपार दिसलं पाहिजे, मग केबल लोण्यासारखी जाते. माझी पहिली रांग वाकडीतिकडी झाली आणि केबल ओढताना हाताला फोड आले.

उभ्या लाकडांत, स्टडमध्ये, भोकाची कड लाकडाच्या तोंडापासून सव्वा इंच आत पाहिजे. हा सव्वा इंच कुठून आला? ड्रायवॉलचा स्क्रू सव्वा इंची असतो किंवा थोडा मोठा, बोर्डाची जाडी वजा केली की लाकडात पाऊण-एक इंच घुसतो, म्हणजे सव्वा इंच आत बसलेल्या केबलला तो सहसा शिवत नाही. जिथे एवढी जागा मिळत नाही तिथे लाकडाच्या तोंडावर लोखंडी पट्टी, नेल प्लेट, ठोका. पन्नास सेंटची वस्तू. मी पंधरा आणल्या होत्या आणि चाळीस लागल्या. केबल जॉइस्टच्या बाजूने लांबीला चालली असेल तर तिथेही खालच्या कडेपासून सव्वा इंच वर स्टेपल करा, आणि जॉइस्टच्या पोटाखालून आडवी तर नाहीच, तिथे बोर्ड बसायचाय.

केबल गुंडाळीतून बाजूने ओढली तर तिला जिलबीसारखे पीळ पडतात आणि भोकात अडकतात, म्हणून गुंडाळी फिरवत फिरवत सोडायची, एक माणूस सोडायला आणि एक ओढायला, माझ्याकडे अकरा वर्षांचा मुलगा होता, तासाला एक आइस्क्रीम या दराने. एका भोकातून दोनच केबल, तिसरीला नवीन भोक. स्टेपल दर साडेचार फुटाला तरी एक, आणि बॉक्सच्या जवळ एक पाहिजेच: प्लास्टिकचा सिंगल बॉक्स ज्यात केबल पकडायची चिमटी नसते त्याच्यापासून आठ इंचात, चिमटी असलेल्या बॉक्सपासून बारा इंचात. माझं पहिलं इन्स्पेक्शन याच आठ इंचावर नापास झालं, तीन बॉक्सना स्टेपल दहा-अकरा इंचावर होते, इन्स्पेक्टरने टेप लावली, काही बोलला नाही, लाल चिठ्ठी लावून गेला. चूक माझीच. स्टेपल ठोकताना हातोडीचा शेवटचा घाव मारायचा नाही, केबल खाली जराशी सरकली पाहिजे, चेपली गेली तर आतलं इन्सुलेशन गेलं आणि ते बाहेरून दिसत नाही. चपट्या केबलला उभं धरून स्टेपल मारू नका, आडवीच.

बॉक्समध्ये केबल शिरल्यावर बाहेरचं आवरण निदान पाव इंच आत दिसलं पाहिजे आणि तिथून पुढे सुट्या तारा सहा इंच, आणि बॉक्सच्या तोंडाबाहेर निदान तीन इंच. मी आठ ठेवतो, लांब असलेली कापता येते. आवरण काढायला केबल रिपर वापरा, किंवा चाकू मधल्या उघड्या तारेवरून न्या, म्हणजे काळ्या-पांढऱ्याला ओरखडा पडत नाही.

बॉक्समध्ये किती तारा कोंबायच्या यालाही हिशोब आहे आणि तो तुमचा तुम्हीच करायचा. १४ नंबरच्या प्रत्येक तारेला २ घनइंच, सगळ्या अर्थिंग मिळून एक तार धरायची (चारपर्यंत), आणि स्विच म्हणजे दोन तारा. जिन्याच्या थ्री-वे बॉक्सचं बघा: एक दोन-तारी केबल आली, एक तीन-तारी गेली, म्हणजे पाच तारा, अर्थिंग एक, स्विचच्या दोन, आठ झाल्या, सोळा घनइंच. नेहमीचा निळा सिंगल बॉक्स १८ चा असतो, बसलं, पण डिमरचा देह बघता तिथे मी २२ चा खोल बॉक्स टाकला. आकडा बॉक्सच्या आतल्या भिंतीवर उठवलेला असतो.

जिना आला तर तो उरकूनच घेऊ. सहा किंवा जास्त पायऱ्या असतील तर खाली आणि वर दोन्हीकडे स्विच लागतो, बेसमेंटला म्हणजे लागतोच. पॉवरची दोन-तारी केबल वरच्या बॉक्सात, वरून खाली तीन-तारी (काळी, लाल, पांढरी), आणि खालच्या बॉक्सातून लाइटला दोन-तारी. थ्री-वे स्विचवर एक स्क्रू काळपट असतो, तो कॉमन: वरच्या स्विचच्या कॉमनला येणारी जिवंत काळी, खालच्याच्या कॉमनला लाइटकडे जाणारी काळी, आणि मधल्या केबलची काळी आणि लाल या दोन पितळी स्क्रूंवर, पांढऱ्या सगळ्या आपापसात जोडून पुढे. स्विच आत्ता लावायचे नाहीत, पण कॉमनला जाणाऱ्या तारेच्या टोकाला आत्ताच एक गाठ किंवा टेपचा तुकडा बांधून ठेवा, दोन महिन्यांनी रंग मारून झाल्यावर दोन सारख्या काळ्या तारा हातात घेऊन उभं राहिल्यावर माझी आठवण येईल.

रफ-इनला बॉक्समधल्या अर्थिंगच्या तारा मात्र जोडून ठेवा, वायर नट (तारांच्या टोकांवर फिरवून बसवायची प्लास्टिकची टोपी) फिरवून, एक शेपटी बाहेर काढून, बऱ्याच ठिकाणी इन्स्पेक्टर ते आत्ताच बघायला मागतात. पत्र्याचा बॉक्स असेल तर त्याला हिरव्या स्क्रूने अर्थिंग. आणि जॉइंट फक्त बॉक्समध्ये, बॉक्सचं तोंड कायम उघडता येण्यासारखं. केबल दोन फूट कमी पडली म्हणून मध्येच पीळ मारून काळी टेप गुंडाळायची, हा आपल्याकडचा संस्कार इथे विसरा. बॉक्स लावून त्यावर ड्रायवॉल चढवणं हे पण चालत नाही. केबल कमी पडली तर ती काढा आणि अख्खी नवीन टाका, दुखतं, मला माहीत आहे, पासष्ट फूट काढली मी.

या सगळ्यात दोन जास्तीचे पॉइंट टाकून घ्या. एक, स्मोक अलार्मचा, बेसमेंट फिनिश करताना तो कुठे आणि कसा हवा हे परमिटच्या वेळीच विचारा, वायरने जोडायचे असतील तर तीन-तारी केबल लागते, ती लाल तार एक वाजला की सगळे वाजायला. दुसरा, गणपतीचा. आमचा गणपती बेसमेंटमध्ये बसतो, मखराला वरून माळा सोडायला दरवर्षी एक्स्टेन्शन भिंतीवर टेपने चिकटवायचो, या वेळी त्या भिंतीला सीलिंगच्या खाली फूटभर एक प्लग टाकला, खाली स्विच दिला. बायकोच्या मते अख्ख्या बेसमेंटमधली ही एकच अक्कल.

पॅनलला मी हात लावला नाही आणि तुम्हीही पहिल्यांदा करत असाल तर लावू नका. मेन ब्रेकर बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या जाड तारांचे स्क्रू जिवंतच राहतात, ते घरातून बंद करता येत नाहीत. केबल पॅनलपर्यंत आणून चार-पाच फूट जास्तीची वेटोळून ठेवा, शेवटचं जोडायला लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा, परमिटवर ते आधीच कसं दाखवायचं ते टाउनशिपला विचारून. राहत्या खोल्यांच्या सर्किटला बहुतेक ठिकाणी आर्क-फॉल्ट ब्रेकर (तारेत ठिणगी उडाली की बंद होणारा) लागतो, आणि तो भयंकर नाजूक स्वभावाचा: दोन सर्किटच्या पांढऱ्या तारा कुठेतरी एका नटमध्ये एकत्र झाल्या किंवा उघडी अर्थिंग पांढरीला टेकली की उडालाच.

इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री मल्टिमीटर घेऊन फिरा, केबल अजून पॅनलला जोडलेल्या नाहीत तेव्हाच. तारा मोकळ्या असताना काळी-पांढरी, काळी-अर्थिंग, पांढरी-अर्थिंग यात कुठेच बीप यायला नको. मग लांबच्या टोकाला काळी-पांढरी पीळ मारून जोडायची, या टोकाला बीप आला की केबल अखंड. एका रांगेला वीस मिनिटं लागतात. इन्स्पेक्टर येईपर्यंत इन्सुलेशनसुद्धा भरू नका, त्याला स्टेपल दिसले पाहिजेत.

पास झालात की बोर्डवाल्यांना फोन करायच्या आधी फोटो. प्रत्येक भिंत, प्रत्येक जॉइस्टची रांग, आणि फोटोत मोजपट्टी उघडी धरलेली, भिंतीच्या कोपऱ्यापासून केबल किती इंचावर ते वाचता येईल अशी. वेफरच्या प्रत्येक वेटोळ्याचं दोन भिंतींपासूनचं माप वहीत लिहा, कारण बोर्ड लागल्यावर वर फक्त पांढरं आभाळ दिसतं.

मग बॉक्समधल्या सगळ्या तारा घडी घालून पार तळाशी दाबा. बोर्डवाले अख्खा बोर्ड वर चढवतात, चार स्क्रू मारतात आणि बॉक्सच्या कडेने राउटर फिरवून भोक पाडतात, त्यांचा हात झपाट्याने चालतो आणि राउटरचं पातं आत एखादा इंच जातं. वर आलेली तार त्यात तुकडे होऊन जाते. मी बॉक्समध्ये वर्तमानपत्राचा बोळा पण कोंबला होता, तरी एका बॉक्समधल्या पांढरीला चाटून गेलंच, आठ इंच ठेवल्या होत्या म्हणून दोन इंच कापून टाकता आले.

बोर्ड लागल्यावर, मसाला-रंगाच्या आधी, तीच मल्टिमीटरची फेरी पुन्हा मारा. आता कुठे बीप आला तर कुठलातरी स्क्रू केबलमध्ये गेलाय, आणि आत्ता तो फक्त एक स्क्रू आणि फूटभर बोर्ड आहे. माझ्याकडे एक सापडला, टीव्हीच्या भिंतीशी, फोटो काढून बघितला तर तिथलीच एक नेल प्लेट लावायची राहिली होती.